चौदा खोल्यांची मावशी

कारेगावात मी सहा वर्षं भाड्याने राहिले आणि त्या सहा वर्षांत अकरा वेळा खोली बदलली. घरमालकीण मात्र सगळा वेळ एकच होती. हे सांगितलं की लोकांना वाटतं माझी मोजण्यात काहीतरी गफलत होतेय. गफलत नाही. त्यांना मावशी माहीत नाही, एवढंच.

जमीन एमआयडीसीत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर मावशीने पत्र्याच्या चौदा खोल्या एका रांगेत बांधल्या होत्या. एक नंबरची खोली तिच्या स्वयंपाकघराला लागून. तिला खिडकी होती, नळाला पाणी आधी तिथे यायचं आणि भिंतीपलीकडून रोज भाजीची वाटी यायची. चौदा नंबरची खोली रांगेच्या टोकाला, संडासांना खेटून. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कोण बसलंय ते खोकल्यावरून ओळखता यायचं. भाडं दोन्हींना सारखंच. मावशीचा ज्याच्यावर जीव जडला तो एक नंबरला, आणि ज्याने मावशीचा विश्वासघात केला तो चौदाला. मधल्या बारा खोल्यांत ज्यांच्याकडे मावशीचं अजून लक्ष गेलेलं नाही अशी सुखी माणसं राहत.

मी भांडगावहून पिशवी घेऊन आले तेव्हा बावीस वर्षांची होते. वायरिंगच्या कंपनीत लाइनवर नोकरी लागली होती. मावशीने मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?" मी नाही म्हणाले. एक भाकरी संपेपर्यंत मी तिची लेक झाले होते. दुसरी भाकरी वाढताना ती म्हणाली, "तू मागल्या जन्मी माझ्याच पोटची व्हतीस. मला बघितल्या बघितल्या कळलं." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. माझ्या सख्ख्या आईने या जन्मातही मला असं काही म्हटलेलं नव्हतं. ती म्हणायची, हात धू आन् बस.

तिसऱ्या आठवड्यात मी गावच्या जत्रेला दोन दिवस गेले. सांगून गेले. मावशीने वाटेत खायला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, फाटकापर्यंत सोडायला आली. रविवारी परत आले तर माझ्या एक नंबरला दुसरंच कुलूप. माझं सामान चौदा नंबरला लावलेलं होतं, कपड्यांच्या घड्या घालून, गणपतीच्या फोटोसकट. मावशी अंगणात गहू पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "भेटली ना आई? मंग ऱ्हायचं की तिच्याकडंच. आमी कोण लागतो तुमच्या?"

पुढचे नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलली नाही म्हणजे माझ्याशी. नळावरच्या रांगेला मात्र रोज सकाळी सांगायची की एक साप घरात घेतला होता, देवाने वाचवलं. दहाव्या दिवशी ती ताटात पुरणपोळी घेऊन चौदा नंबरच्या दारात आली आणि माझे पाय धरून रडायला लागली. "माझं चुकलं गं. मला सोडून जाऊ नगंस. तू गेलीस तर माझं काय ऱ्हातंय?" पन्नाशीची बाई माझ्या पायाशी. मला काय करावं कळेना. मी पोळी खाल्ली आणि एक नंबरला परत गेले. पोळी उत्तम होती.

सामान हलवायचं काम भाडेकरूच करत. इतक्या वेळा केल्यामुळे सगळ्यांचा हात बसला होता. आधी कॉट, मग गॅस, मग बादल्या, शेवटी देव. वीस मिनिटांत एक माणूस बढती घेऊन वर किंवा उतरून खाली. सात नंबरचा बिहारी मनोज रोज फर्स्ट शिफ्टला निघताना मला विचारायचा, "दीदी, मौसी का सिग्नल हरा है कि लाल?" मी सांगितलं त्याप्रमाणे तो पुढच्या फाटकाने किंवा मागच्या कुंपणावरून जायचा.

आम्ही काही बिचारे वगैरे नव्हतो. मावशीच्या तऱ्हेवाईकपणावर आमचं व्यवस्थित चाललं होतं. एक नंबरला एकादशीची साबुदाण्याची खिचडी मिळायची, म्हणून एक नंबरवाल्याला खाली ओढण्यात सगळ्यांना रस. पाच नंबरमधल्या लातूरच्या पोरीने एकदा मावशीला हळूच सांगितलं, की मी आमटीत मीठ जास्त पडलं असं म्हणाले. मी म्हणाले होते. मी चौदाला गेले आणि ती एकला आली. दीड महिन्याने मी तिचं काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहायची मला लाज वाटते, पण ते खोटं होतं.

मावशीचा नवरा म्हणजे आप्पा. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली होती. आता सहा उरली होती आणि ती आप्पांनी कुणाला विकू दिली नाहीत, त्याचं कारण मला लवकरच कळलं. मावशीचा आवाज एका ठरावीक पट्टीला पोचला की आप्पा मेंढरं सोडत आणि माळाकडे चालू लागत. मावशी जितकी भडके तितकी मेंढरं चरत. त्या सहा मेंढरांएवढी धष्टपुष्ट मेंढरं मी शिरूर तालुक्यात दुसरी पाहिली नाहीत.

एकदा मी त्यांना विचारलं, "आप्पा, मावशी आसं का करत्यात?"

आप्पा म्हणाले, "सुभाव हाय."

अख्ख्या कारेगावाला हा एक शब्द पुरत होता. बहिणीने चहाचा पहिला कप दुसरीला दिला म्हणून मावशी आठ वर्षं तिच्याशी बोलली नाही: स्वभाव. हळदीकुंकवाला बायका लवकर उठल्या म्हणून हिने वाणाच्या सगळ्या वाट्या अंगणात भिरकावल्या: स्वभाव. त्याच बायकांच्या घरी दुसऱ्या दिवशी नव्या वाट्या घेऊन रडत गेली, तोही स्वभावच. हा शब्द उच्चारला की पुढे कुणाला काही करावं लागत नसे, म्हणून तो सगळ्यांना आवडायचा.

फक्त एका माणसाला तो परवडत नव्हता. मावशीची एकुलती एक लेक, शीतल. आम्ही फार तर खोली बदलत होतो, तिला आई बदलून मिळत होती, कधी दिवसातून दोनदा. नऊ वर्षांची असताना तिने शाळेतल्या बाईंच्या डब्यातल्या थालीपिठाचं कौतुक केलं, तर मावशीने तिचं दप्तर आणि कपडे बांधून तिला मामाकडे धाडली. आठ दिवसांनी स्वतःच जाऊन, सगळ्या गावासमोर छाती पिटून, परत आणली. शीतल मला म्हणाली होती की शाळेतून आल्यावर ती आधी चुलीपाशी आईचे हात बघायची. भाकरी कशी थापली जातेय त्यावरून आज बोलायचं की नाही ते ठरायचं.

ती लग्न होऊन दौंडला गेली. जावई रेल्वेत होता, साधा माणूस. शीतल दर दोन-तीन दिवसांनी मला फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "आज कशीय?" मग तिला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सासरचे तेच धरून बसले होते. शीतलला तिकडे जायचीही भीती आणि न जायचीही. न गेली तर आई काय करेल याची, आणि गेली तर आपल्या बाळाचं काय होईल याची.

"मला आई पायजे गं," ती फोनवर म्हणाली. "पण रोज पायजे. एक दिवसाआड न्हाई."

याच सुमारास मावशीला चक्कर यायला लागली. शिरूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडेना, म्हणून त्यांनी बुधवारी येणाऱ्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मी तेव्हा एक नंबरला होते, त्यामुळे सोबत मीच. मावशी पाऊण तास आत होती. बाहेर आली ती डोळे पुसत. "देवमाणूस हाय गं मॅडम. समदं माझ्या मनातलं बोलली." दुसऱ्या बुधवारी मॅडमसाठी उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन गेली. तिसऱ्या बुधवारी मॅडमनी वेळ संपल्यावर घड्याळाकडे पाहिलं.

परतीच्या जीपमध्ये मावशी म्हणाली, "मी हितं मराया टेकली आन् ती घड्याळ बघती. हलकट बाई." मॅडमना तीन आठवड्यांत एकपासून चौदापर्यंत पोचवून आम्ही कारेगावला उतरलो.

पुढच्या खेपेला मी हातापाया पडून तिला परत नेली. माझी खात्री होती की आता भांडण होणार. पण मॅडमना राग आलेलाच नव्हता. उघड्या दारातून मला ऐकू आलं, त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही माझ्यावर चिडून गेलात. तरी परत आलात, हे चांगलं झालं. आपली वेळ पाऊण तास. आजसुद्धा पाऊण तासच." मावशीला चिडलेली माणसं माहीत होती, घाबरलेली माहीत होती. असं जागेवर बसून राहिलेलं माणूस तिने पहिल्यांदा बघितलं असावं. तिने मला आत बोलावलं, "ही माझी लेकच हाय, हिच्याम्होरं सांगा."

मॅडमनी सांगितलं की हा नुसता स्वभाव नाही, आजार आहे. व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. आपल्याला माणसं सोडून जातील ही भीती यांच्या मनात सारखी असते, म्हणून त्या जाण्याआधीच माणसाला ढकलतात आणि गेल्यावर ओढतात. माणूस एक तर देव वाटतो, नाही तर सैतान. यात त्या ढोंग करत नाहीत, त्यांना खरंच तितकं दुखतं. हळूहळू फरक पडतो, पण घरच्यांनी एक करायचं. रागाला राग नको आणि धमकीला शरण जाणंही नको. जीवाचं काही बोलल्या तर ते थट्टेवारी न्यायचं नाही, एकटं सोडायचं नाही, लगेच मला कळवायचं. पण त्या बोलण्यापायी आपलं पाऊल मागे घ्यायचं नाही.

मावशी एवढंच म्हणाली, "मला बी नगं वाटतं गं मॅडम. पण तवा माझं मला ऐकू येत न्हाई."

हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी येडी न्हाई ना?"

"न्हाई, आप्पा."

"मंग सुभावच की," ते म्हणाले आणि मोठ्या समाधानाने मेंढरं सोडली.

मावशी दर बुधवारी जायला लागली. पाच-सहा आठवडे खोल्यांत कुणाचं सामान हललं नाही. मी मोबाइलवर दोन लेख वाचले आणि त्या विषयातली तज्ज्ञ झाले. शीतलला फोन करून म्हणाले, "बिनधास्त ये. लय फरक पडलाय." फरक पडला होता, हे खरं. पण मी एक नंबरच्या खिडकीत बसून बोलत होते आणि तिथून सगळंच ठीक दिसतं, हेही खरं. शीतलने माझ्यावर विश्वास ठेवला.

ती सातव्या महिन्यात आली. मावशीने तिला पायसुद्धा जमिनीवर टेकू दिला नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रोज तेल. मुलगी झाली तेव्हा मावशीने चौदाच्या चौदा खोल्यांत पेढे वाटले आणि मनोजला मिठी मारली. शीतल मला म्हणाली, "अशी आई मी कधीच सलग बघितली नव्हती." माझी छाती अभिमानाने फुगली. बारा दिवस फुगलेली राहिली.

बाराव्या दिवशी बारसं. अंगणात मांडव, पाळणा, बायका. आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे कुणीही सांगेल. शीतलची नणंद दौंडहून गाडी करून आली होती. तिने वाकून कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हशा झाला. मावशी हसली नाही. नंतर कळलं की तिच्या मनात एक नाव होतं. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणीतरी विचारेल म्हणून तीन महिने वाट बघत होती.

"मला कुणी इचारलं?" ती म्हणाली. पहिल्यांदा हळू म्हणाली, ते कुणाला ऐकू गेलं नाही. हीच मोठी चूक झाली. "बाळंतपण म्या काढायचं आन् कानात बोलायचं हिनं? मी कोण? तुमची मोलकरीण?"

"आई, आत्याचाच मान आसतो गं," शीतल म्हणाली.

"आसतो ना? मंग जा आत्याकडंच! तू त्यांचीच हायेस. पहिल्यापास्नं मला सोडायलाच बसली व्हतीस." आणि मग ती आम्हा भाडेकरूंकडे वळली. "हिचं सामान उचला. चौदाला टाका."

बारा दिवसांचं पोर. संडासाला लागून असलेली खोली. मांडवात कुणी हललं नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. पण मनोज सवयीने वाकला आणि त्याने पिशवीचा एक बंद धरला. दुसरा बंद मी धरला. माझा हात माझ्या आधी पोचला होता. शीतलने माझ्याकडे बघितलं. तिने बाळाचं दुपटं घट्ट केलं. तिला इथे बोलावून घेणारी मीच होते.

"मनोज," मी म्हणाले, "पिशवी गाडीत ठेव. दौंडच्या."

मावशीने मांडवाचा खांब धरला. "ती ह्या फाटकाबाहीर गेली तर मी जीव दीन. समद्यांम्होरं सांगते."

शीतल थांबली. ह्या वाक्याला ती जन्मभर थांबत आली होती. आप्पांचा हात मेंढरांच्या दाव्याकडे गेला.

"आप्पा, मेंढरं ऱ्हाऊ द्या," मी ओरडले. त्या घरात मी पहिल्यांदाच ओरडले. "हितं येऊन बसा. मावशींच्या शेजारी. आज उठायचं न्हाई." आणि शीतलला म्हणाले, "तू बाळाला घेऊन जा. आमी हाय ना हितं. मावशींना येकटं सोडत न्हाई."

शीतल गेली. गाडी वळेपर्यंत मागे वळून बघत गेली. मावशी किंचाळली, जमिनीवर बसली, मला सापापासून सटवीपर्यंत सगळं म्हणाली. आप्पा तिच्या शेजारी बसून राहिले, हात कुठे ठेवावा हे न कळून शेवटी तिच्या पाठीवर ठेवला. मी मॅडमना फोन लावला. बुधवार नसला तरी मी शिरूरला पोचते, लगेच घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. जीपमध्ये मध्ये मावशी आणि दोन बाजूंना आम्ही दोघं. आप्पा शिरूरच्या त्या दवाखान्याची पायरी पहिल्यांदा चढले. परत आल्यावर मी माझं सामान स्वतःच उचलून चौदाला नेलं. कुणाला सांगायला लावलं नाही.

दोन महिने गेले. बुधवार एकही चुकला नाही, कारण आता आप्पा सोबत जात. एके दिवशी मावशीने मला निरोप्यासारखं उभं करून सांगितलं, "पोरीचं तोंड बघायचंय. तिला इचार." शीतलने कळवलं, ये. एक तास. आवाज चढला की मी बाळाला घेऊन आत जाणार. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"आईला अटी घालती?" मावशी म्हणाली आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून दारात उभी. "कितीची यस्टी हाय?"

शिरूरहून न्हावरा, चौफुला करत आम्ही दौंडला पोचलो. शीतलने पडवीत चटई टाकली होती, आत बोलावलं नाही. बाळ मावशीच्या मांडीवर दिलं. मावशीने तिला पोटभर बघितलं, नावाने हाक मारली, आत्याने ठेवलेल्याच नावाने. बाळ थोडा वेळ टकामका बघत राहिलं आणि मग भोकाड पसरलं, आईकडे जायला धडपडू लागलं. एरवी एवढ्यावर मावशीने नातीशी नातं तोडलं असतं. मावशीचा जबडा हलला. मग तिने पोर शीतलकडे दिली आणि म्हणाली, "भुकेजली आसंल."

तास संपला तेव्हा मावशीच उठली. माणसं उठून गेली की आकांत करणारी ही बाई, आज पहिल्यांदा स्वतः उठून निघत होती. दारातून निघताना आपण जाते म्हणत नाही, म्हणून तीही सगळे म्हणतात तेच म्हणाली. "बरं, येते."

याला उत्तर नसतं. असलंच तर नुसतं बरं म्हणायचं. शीतलने बाळाला खांद्यावर घेतलं आणि सरळ आईच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "ये. पण आधी फोन करून ये."

मावशीची एक चप्पल पायात होती आणि एक जमिनीवर. ती तशीच उभी राहिली. शीतलही आत गेली नाही. खूप वेळाने मावशीने दुसरी चप्पल घातली.

"करीन," ती म्हणाली.

एसटीत बसल्या बसल्या तिने तोंड उघडलं ते मिटलंच नाही. "फोन करून ये म्हणती! पोटच्या आईला! मी काय पाव्हणी हाय? काय शिकवलं म्या हिला!" चौफुल्याला शीतल कृतघ्न होती, न्हावऱ्याला ती तिला मेली होती. पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळून सगळं ऐकत होती आणि मान डोलवत होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. शिरूर स्टँडात गाडी शिरली तेव्हा मावशी एकदम गप्प झाली. पदराला गाठ मारली, सोडली, परत मारली.

"का गं," ती म्हणाली, "आठवड्यातनं दोन डाव फोन केला तर जास्ती व्हईल का?"

"तिलाच इचारा," मी म्हणाले.